दह्यातली चकती

प्लोवदिव, मंगळवार, ४ मार्च

प्रिय आत्या,

आधी एक चूक दुरुस्त करते. जानेवारीच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्या चांदीच्या मुलाम्यावर सोडलेल्या दहा लाख जंतूंपैकी सकाळपर्यंत एकही उरला नाही. हे खरं नाही. सात उरले होते. "जवळजवळ एकही नाही" असं लिहायला हवं होतं, पण ओळीच्या शेवटी जागा नव्हती म्हणून "जवळजवळ" गाळलं. पत्राची मागची बाजू पूर्ण कोरी होती, त्यामुळे ही सबब चालणार नाही.

तेच पत्र वाचून तू खुब्याच्या शस्त्रक्रियेला हो म्हणालीस, वीस मेची तारीख घेतलीस. म्हणून हे सात जण मला शनिवारपासून टोचताहेत.

मुलाम्याचं काम एवढंच असतं: सांध्याच्या जागी बसवलेल्या धातूवर पहिल्या काही तासांत जंतूंना बिऱ्हाड करू द्यायचं नाही. एकदा त्यांनी घर केलं की औषधं त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत, आणि मग झेचकाकाकूंच्या गुडघ्याचं झालं तसं होतं. सगळं पुन्हा उघडा, धातू काढा, तीन महिने थांबा. पण सात म्हणजे काही फार नव्हेत. सात जणांना शरीर स्वतःच हाकलतं.

वरची एक ओळ मी खोडली आहे. महत्त्वाची नव्हती.

सोबत कापडात गुंडाळून आमची एक चकती पाठवते. कोटाच्या बटणाएवढी आहे, टायटॅनियमची. हातात घेऊन बघ, म्हणजे धीर येईल.

वर्ष चांगलं जावं म्हणून तू पाठवलेला मार्चचा लाल-पांढरा दोरा आमच्या प्रमुख हाजियेवाबाईंनी मनगटावरून काढायला लावला. आता तो सूक्ष्मदर्शकाच्या मानेला बांधलाय. यंदाचं वर्ष त्याला चांगलं जाईल.

आमच्याकडे पोर्तुगालहून दुआर्ते नावाचा पाहुणा संशोधक आलाय. मागच्या आठवड्यात मी काचेच्या कपाटात दोन्ही हात घालून बसले होते, तोंडावर मास्क. त्यानं बाहेरून एक तबक उचलून विचारलं, "मुलाम्याच्या चकत्या याच का?" त्या साध्या होत्या. आपल्यासारखी मान वर उडवून "नाही" म्हटलं असतं तर त्याला "हो" वाटलं असतं. म्हणून मी आठवणीनं त्यांच्यासारखी मान डावी-उजवीकडे हलवली. एवढं भान राहिलं याचा मला दिवसभर आनंद होता.

कृपा करून गावात कुणाला काही सांगू नकोस.

तुझी,
रालित्सा

गोर्नो बुचे, सोमवार, १० मार्च

रालित्सा पोरी,

सात म्हणजे कोण कोण?

हसण्यावारी नेऊ नकोस. मी चाळीस वर्षं दूध-केंद्र चालवलं. कढईभर दुधाला मी एक चमचा विरजण लावते आणि सकाळी सुरी उभी राहील असं दही होतं. आणि तू मला लिहितेस, सातच उरले, फार नव्हेत. अगं, विरजणाला सात पुरतात. आपल्या नगरपालिकेत सातच सभासद आहेत, आणि बघ त्यांनी काय करून ठेवलंय. मी तुझ्या सातांना त्यांचीच नावं दिलीत. जो सगळ्यात चिवट असेल तो पाणीपुरवठ्याचा.

गावात मी कुणालाच सांगितलं नाही. फक्त झेचकाला सांगितलं, कारण ती समोरच बसली होती. अर्ध्या गावाला तिनं सांगितलं, उरलेल्याला बसवाल्या असेननं बसमध्ये सांगितलं. आता माझ्या खुब्यात चांदी बसणार म्हणून लोक मला "सरकार" म्हणतात. काल चर्चच्या पायरीवर एकानं विचारलं, "वेलिकाबाई, मेल्यावर ती चांदी कुणाला?" मी म्हटलं, "तुझ्या सासूला. तिलाच काय ते घट्ट धरून ठेवता येतं."

झेचका मात्र रोज गुडघा उघडून दाखवते. म्हणते, "मलाही सांगितलं होतं, काही होत नाही." तिच्या समोर मी हसते. ती गेली की खुब्यावर हात ठेवून बसते. हे तुला लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं, आणि खोडणार नाही.

दवाखान्यानं संमतीचा कागद पाठवलाय. सही करून सात मेपर्यंत पोचवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला देतील. मिठाच्या बरणीखाली ठेवलाय. सही अजून केली नाही.

तुझी चकती मिळाली. दिसायला बटणच आहे. मी कॉफीचे दोन पेले घेणार. दोन्हींत तेच दूध, तेच विरजण, एकच गोधडी. एकात तुझी चकती, दुसऱ्यात काही नाही. ती खरंच जंतू मारत असेल तर माझं दही लागणार नाही. माणसं खोटं बोलतात, कागद बोलतात, दूध कधी बोललं नाही.

वेलिकाआत्या

प्लोवदिव, शुक्रवार, १४ मार्च

प्रिय आत्या,

कृपा करून हा प्रयोग करू नकोस.

पहिलं कारण, त्यातून काही सिद्ध होत नाही. दुधातली प्रथिनं चांदीला मिठी मारून बसतात, तिला जंतूंपर्यंत जाऊच देत नाहीत. दही लागलं तरी मुलामा वाईट ठरत नाही, नाही लागलं तरी चांगला ठरत नाही. दुसरं, ते दही कुणी खाऊ नये. तिसरं कारण आत्ता सांगता येत नाही, पण आहे.

सातांबद्दल तुझं बरोबर आहे, विरजणाला सात पुरतात. पण दुधाला कुणी पहारेकरी नसतो, शरीराला असतात. ते सातांना पुरे पडतात, सात लाखांना पडत नाहीत. मुलामा त्यांचं काम हलकं करतो, एवढंच.

आता मोठी फेरी चालू आहे. जानेवारीत सहाच चकत्या तपासल्या होत्या, या वेळी मुलाम्याच्या चोवीस. साध्या चकत्यांवर जंतू वाढतात हे जानेवारीतच दिसलंय, म्हणून या फेरीत त्या तपासायच्या नाहीत, वेळ वाचेल, असं हाजियेवाबाईंनी ठरवलं. साध्या चकत्यांचं तबक दाराजवळ ठेवलंय, "हवी त्यानं न्यावी" अशी चिठ्ठी लावून. पहारेकरी स्तोइलचं बुद्धिबळाचं एक प्यादं हरवलं होतं, त्याच्या जागी आता टायटॅनियमची चकती आहे. एक उपाहारगृहातल्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली गेली. दुआर्तेनं चार नेल्या, आईच्या पडद्यांना वजन म्हणून पाठवायला.

सही कर, आत्या. माझ्या पत्रांवरून नको, डॉक्टरांच्या शब्दावरून कर.

तुझी,
रालित्सा

प्लोवदिव, शुक्रवार, २८ मार्च

प्रिय आत्या,

फेरी संपली. मुलामा चालत नाही.

चोवीसच्या चोवीस बश्यांवर जंतू माजलेत. मोजायला घेतले आणि चार हजारांनंतर सोडून दिलं, कारण पुढचे एकमेकांच्या अंगावर होते. हाजियेवाबाईंनी चष्मा काढून ठेवला आणि तो शोधत बसल्या. अकरा वर्षांचं काम आहे त्यांचं. आठ मेला त्या मंत्रालयाला अहवाल पाठवणार: प्रयोग असफल, काम बंद करावं.

काही बशा मी स्वतः भरल्या होत्या, म्हणून मला वाटतं की चूक माझ्या हातून झाली असेल. सगळी वही तीनदा तपासली. चूक सापडत नाही. सापडली असती तर बरं वाटलं असतं.

तू सही केली नसशील तर मला समजतं. केली असशील तर आनंद आहे. दोन्ही वाक्यं खरी आहेत.

रालित्सा

गोर्नो बुचे, गुरुवार, ३ एप्रिल

रालित्सा पोरी,

तुझ्या बाईंना सांग, चष्मा डोक्यावर असेल, तिथे बघा. आणि हेही सांग की त्यांचं चुकलंय.

मी प्रयोग केला. तू नको म्हणालीस ते पत्र यायच्या आधी केला, आणि आलं तेव्हा पुन्हा केला, कारण तिसरं कारण लपवलं होतंस ना, त्याचा राग आला. साध्या पेल्यातलं दही दगडासारखं लागलं. चकतीच्या पेल्यातलं लागलं नाही. पाणीच राहिलं.

चोवीस बश्यांचं मला सांगू नकोस. मी दोन पेले शेजारी ठेवले. तुमच्या बाईंनी मुलाम्याच्या बशीशेजारी साधी बशी का ठेवली नाही? आमच्या केंद्रावर एखाद्यानं असं दूध तपासलं असतं तर मी त्याला किटली घासायला बसवलं असतं.

गावात आनंद आहे. तुझ्या नावानं एक बाटली उघडली गेली. सही? मिठाच्या बरणीखाली कागद सुखरूप आहे.

वेलिकाआत्या

प्लोवदिव, मंगळवार, ८ एप्रिल

प्रिय आत्या,

हे पत्र पाचव्यांदा लिहितेय. आधीची चार फाडली नाहीत, पण पाठवतही नाही.

तुझ्या पेल्यात जे झालं ते होऊ शकत नाही. ती चकती मुलाम्याची नव्हती. हेच ते तिसरं कारण. मुलाम्याच्या चकत्या मोजून कुलपात असतात, बाहेर नेता येत नाहीत. मी तुला दाराजवळच्या तबकातली साधी उचलून पाठवली. पत्रात "मुलाम्याची चकती" असं लिहिलं नाही, "आमची" असं लिहिलं, म्हणजे शब्द खोटा ठरणार नाही. तू काय समजशील ते मला माहीत होतं. म्हणजे मी तुला फसवलं, आणि वर व्यवस्थित फसवलं.

आता मला विचारावंच लागतं. तू खरंच पाहिलंस का? की माझं अठ्ठावीस तारखेचं पत्र वाचून, पोरीला बरं वाटावं म्हणून लिहिलंस? तूच मला शिकवलंस की पाहिलं ते लिहायचं, पाहावंसं वाटलं ते नाही. दूध-केंद्राच्या काट्यावर बसवून शिकवलंस, गावातली शाळा बंद झाल्यावर. तू नसतीस तर नऊ वर्षांपर्यंत मला आकडे आले नसते. तू खोटं लिहिलं असशील तर मी रागावणार नाही. फक्त सांग.

रालित्सा

गोर्नो बुचे, मंगळवार, १५ एप्रिल

रालित्सा,

"पोरी" लिहिलं नाही, हे बघून घे.

साध्या चकतीचं मी आत्ता काही बोलत नाही. त्याचं नंतर. आधी माझ्या खोटेपणाचं.

एक चूक मी केली आहे, ती दुरुस्त करते, कारण ही खोड तुला लागली ती माझ्याकडूनच. "पाणीच राहिलं" असं मी लिहिलं. पूर्ण पेल्याचं पाणी राहिलं नव्हतं. चकतीभोवती नखाएवढ्या रुंदीचं कडं पाण्यासारखं होतं, बाकीचं लागलं होतं. आनंदात गोल आकडा लिहिला. केंद्रावर हे कुणी केलं असतं तर किटली मीच त्याच्या हातात दिली असती.

आता हे वाच. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी चार पेले मांडले. एकात तुझी चकती. एकात झेचकाच्या नवऱ्याच्या कोटाचं बटण. एकात आपल्या घराण्याचं चांदीचं नाणं, जे दूध नासू नये म्हणून आपल्या पणजीपासून सगळ्या जणी दुधात टाकत आल्या. एकात काही नाही. झेचका, पाद्री आणि असेन साक्षीला बसले. सकाळी गोधडी काढली. बटणाचं लागलं. काही न टाकलेल्याचंही लागलं. नाण्याचंसुद्धा छान लागलं, अगदी काठोकाठ, आणि त्यावरून गावात रडारड झाली. झेचका म्हणते, "म्हणजे आपल्या आज्या उगाच नाणं धुऊन धुऊन झिजवत होत्या?" पाद्री म्हणाला, श्रद्धेच्या गोष्टी पेल्यात तपासू नयेत. असेन म्हणाला, मग दही खाऊ या, आणि नाण्याचा पेला त्यानं संपवला.

फक्त तुझ्या चकतीभोवती कडं. पुन्हा नखाएवढंच. दोरी लावून मोजलं, सोबत दोरी पाठवते.

दोन पेलेही असेनकडे देते, चकतीचा आणि साधा. झाकण बांधलंय. स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि मग मला विचार, वेलिकानं खरंच पाहिलं का.

आत्या

प्लोवदिव, मंगळवार, २२ एप्रिल

प्रिय आत्या,

माफ कर. हे आधी.

साधा पेला रिकामा पोचला. असेनदादा म्हणाले, रस्त्याला खड्डे फार. त्यांच्या मिशीत रस्ता दिसत होता. चकतीचा पेला मात्र त्यांनी मांडीवर धरून आणला. मी तो टेबलावर ठेवला, दोरी लावली आणि बराच वेळ बघत बसले. कडं होतं.

दुधातून दिसणारं कडं हा पुरावा नाही. पण शंका घ्यायला पुरेसं आहे. साधी चकती असं करत नाही. म्हणजे ती साधी नाही. आणि ती साधी नसेल, तर दाराजवळचं तबकच साध्या चकत्यांचं नाही.

मी दुआर्तेकडे गेले. त्याला ईस्टरची रंगवलेली अंडी दिली, अंड्यावर अंडं आपटायच्या टकरीत त्यानं माझी तिन्ही फोडली, आणि मग मी विचारलं, "त्या दिवशी काचेबाहेरून तू विचारलंस, मी मान हलवली, तेव्हा तू काय समजलास?"

तो म्हणाला, "हो म्हणालीस."

मी म्हटलं, "मी डावी-उजवीकडे हलवली होती. तुमच्याकडे त्याचा अर्थ नाही असा होतो ना?"

"आमच्याकडे होतो," तो म्हणाला. "पण तुमच्याकडे त्याचा अर्थ हो. त्याच दिवशी सकाळी स्तोइलनं मला शिकवलं. अर्धा तास सराव करून घेतला. मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला होता."

आत्या, मी त्याच्यासाठी त्याच्यासारखी मान हलवली, आणि त्यानं माझ्यासाठी माझ्यासारखी वाचली. दोघंही दिवसभर खूश होतो. झाकणं वाळायला काढलेली होती, चकत्या डोळ्यांना एकसारख्याच दिसतात. त्यानं मुलाम्याचं नाव लिहिलेलं झाकण साध्या चकत्यांवर बसवलं, आणि साध्यांचं मुलाम्याच्यांवर. आम्ही महिनाभर उघड्या टायटॅनियमवर जंतू वाढवले आणि ते वाढले म्हणून रडलो.

आणि अकरा वर्षांचं काम आता कुठे कुठे आहे बघ. एक स्तोइलच्या पटावर राजासमोर उभी आहे. एक टेबलाखाली. चार लिस्बनला पडद्यात शिवल्यात. एक तुझ्या दह्यात होती. बाकीच्या कुणी नेल्या ते मी कागदावर लिहितेय, आतापर्यंत सतरा झाल्या. स्तोइलकडे प्यादं मागितलं, तर म्हणाला, "डाव मध्यावर आहे, मुली. त्याच्यावर माझा वजीर टेकलाय."

मला हे हाजियेवाबाईंना सांगायला हवं. आठ मेच्या आत सांगायला हवं. पण म्हणजे सांगावं लागेल की मी मान चुकीच्या देशात हलवली, संस्थेची चकती बाहेर पाठवली, आणि माझ्याकडचा एकमेव आधार म्हणजे आत्याच्या दह्याचा पेला. माझा करार जूनमध्ये संपतो. तो वाढवायचा की नाही हे त्यांच्याच हातात आहे. काल मी त्यांच्या दारापर्यंत गेले आणि आत जाऊन विचारलं, "बाई, खिडकी लावू का?" खिडकी लावलेलीच होती.

तुझी,
रालित्सा

गोर्नो बुचे, रविवार, २७ एप्रिल

रालित्सा पोरी,

आता "पोरी" लिहिलंय.

तुझं पत्र मी झेचकाला वाचून दाखवलं. मानेचा भाग तिनं तीनदा वाचायला लावला आणि हसता हसता गुडघा दुखला म्हणून रडली. मग म्हणाली, "म्हणजे ती चांदी खरंच चालते?" मी म्हटलं, "चालत असावी. पोरगी नक्की म्हणत नाही, म्हणजे नक्कीच चालत असावी."

आता तुझ्या फसवणुकीचं. एकच नाही, दोन आहेत. चकतीची तू स्वतः कबूल केलीस.

चार मार्चच्या पत्रात तू एक ओळ खोडलीस आणि वर लिहिलंस, महत्त्वाची नव्हती. पोरी, तुला खोडायला कुणी शिकवलं? चूक एका रेघेनं खोडायची, खालचं वाचता आलं पाहिजे, काळी गिरवून लपवलेली चूक म्हणजे दुसरी चूक. तू सात वर्षांची होतीस तेव्हा सांगितलं. तू तसंच केलंस. एकच रेघ, पट्टी लावून. खालची ओळ मी त्याच दिवशी वाचली: "तुझ्या खुब्यात आमचा मुलामा नसेल, त्याला अजून कितीतरी वर्षं लागतील."

म्हणजे मला पहिल्यापासून माहीत होतं. गावाला "सरकार" म्हणू दिलं, कारण ऐकायला बरं वाटतं. पेले मांडले ते माझ्या खुब्यासाठी नव्हते. तू काय करतेस ते मला स्वतःच्या हातानं बघायचं होतं.

मग सही का केली नाही, विचारशील. भीती वाटली म्हणून. झेचकाचा गुडघा मी रोज बघते. आणि दुसरं, मी वाट बघत होते की ती ओळ तू रेघेशिवाय कधी लिहितेस. जी पोरगी सात जंतूंसाठी अख्खं पत्र लिहिते, तिनं हे सांगायला दोन महिने लावले, म्हणजे तीही घाबरलेली आहे. घरात दोघी घाबरलेल्या असल्या की कुणीतरी आधी उठून दिवा लावावा लागतो.

तर माझं म्हणणं असं. सहा मे मंगळवार, सेंट जॉर्जचा सण, तुला सुट्टी. पहाटे माळावर जाऊन दवानं फडकं भिजवायचं असतं, नव्या विरजणासाठी. या खुब्यानं मला वाकवत नाही. तू ये. दव गोळा कर, कोकरू खा, दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं जा. ज्या दिवशी तू बाईंच्या दारात खिडकीशिवाय दुसरं काही बोलशील, त्या दिवशी मी दवाखान्यात कागद देईन. एक दिवस आधी नाही.

पाणीपुरवठ्याच्या सभासदाला कळलंय की मी एका जंतूला त्याचं नाव दिलंय. तो खूश आहे. म्हणतो, निदान टिकलो तरी.

वेलिकाआत्या

प्लोवदिव, बुधवार, ३० एप्रिल

प्रिय आत्या,

रेघेशिवाय लिहिते.

तुझ्या खुब्यात आमचा मुलामा नसेल. साधा धातू असेल, आणि शस्त्रक्रियेच्या आधी औषध देतील. डॉक्टरांना मी विचारलं, झेचकाकाकूंसारखं शंभरातल्या एखाद्याच्या बाबतीत होतं. शून्याच्या बाबतीत नाही, एखाद्याच्या. तू घाबरणं बरोबर आहे. मीही घाबरलेय. तरी सही करावीस असं मला वाटतं, कारण माळावर वाकता यायला हवं, आणि मला दरवर्षी सुट्टी मिळेलच असं नाही.

चकत्यांपैकी एकोणीस परत आल्या. स्तोइलनं काल डाव गमावला आणि प्यादं स्वतः आणून दिलं. म्हणाला, "या प्याद्यामुळे हरलो. ते काही केल्या मरत नाही." दुआर्तेची आई पडद्यांतून चार उसवून पाठवतेय, सोबत माझ्यासाठी एक पडदाही. उपाहारगृहातलं टेबल पुन्हा डुगडुगतं, तिथे मी दुमडलेला कागद लावलाय. तुझ्या दह्यातली चोविसावी ठरते. ती पेल्यातच बाईंकडे नेते, धुणार नाही.

बाईंना काय सांगायचं ते मी चार वाक्यांत लिहून काढलंय. पहिलं वाक्य मान हलवल्याचं, दुसरं चकती बाहेर पाठवल्याचं, तिसरं पेल्याचं. चौथ्यात मी विचारणार आहे की या वेळी शेजारी साध्या चकत्यांच्या बशा ठेवायच्या का. ते वाक्य तुझं आहे, पण तुझं नाव घेणार नाही, नाहीतर त्या तुला बोलावून घेतील आणि तू त्यांना किटली घासायला बसवशील. करार वाढवणार नसतील तर न वाढवोत. याबद्दल मला पूर्ण खात्री नाही, म्हणून "न वाढवोत" खोडावंसं वाटतंय, पण खोडत नाही.

मी पाच तारखेला रात्री येते. सहाला पहाटे दव. तुझा कागद मिठाच्या बरणीखालून काढून ठेव. सातला पहाटे सहाच्या बसनं आपण दोघी निघू, असेनदादांना पुढचं बाक ठेवायला सांग. तुला दवाखान्याच्या दारात उतरवून मी पुढे जाईन. बाई नऊला येतात, चष्मा शोधायला त्यांना दहा मिनिटं लागतात.

बुधवार, ७ मे, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी.

तुझी,
रालित्सा